न दिसणारा वक्ता, न ऐकू येणारा श्रोता : आरंभीच्या भारतीय नभोवाणीची संध्याकाळ

भारतीय भाषांतील आधुनिक साहित्याचा इतिहास प्रामुख्याने मुद्रित ग्रंथ आणि नियतकालिके यांच्या आधारे लिहिला गेला आहे. छापखाना आला, वाचक घडला, वाचकाबरोबर कादंबरी, निबंध व लघुकथा आल्या, हा क्रम आता सर्वपरिचित आहे. परंतु विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून या क्रमाला छेद देणारी एक घटना भारतीय शहरांतून दररोज घडू लागली. दिवेलागणीच्या सुमारास काही माणसे एका पेटीभोवती जमत आणि दूर कोठेतरी बसलेल्या, कधीही न पाहिलेल्या माणसाचा आवाज ऐकत. या आवाजातून त्यांच्यापर्यंत गाणे पोहोचे, बातमी पोहोचे, तसेच कथा, काव्य आणि नाटकही पोहोचे. साहित्य पुन्हा एकदा श्राव्य झाले होते. मात्र कीर्तन किंवा कथाकथन ज्या अर्थाने श्राव्य असते त्या अर्थाने नव्हे. कीर्तनकाराला समोरचा श्रोता दिसतो. नभोवाणीवरील वक्त्याला तो दिसत नव्हता, आणि श्रोत्याला वक्ता दिसत नव्हता. या दुहेरी अदृश्यतेमुळे साहित्यव्यवहारात नेमके काय बदलले आणि काय हरपले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. संध्याकाळच का?

भारतात प्रसारणाचा आरंभ हौशी मंडळांनी केला. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लबने त्याच वर्षी प्रसारण सुरू केले. त्यानंतर इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खाजगी कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले, आणि पुढल्याच महिन्यात, २६ ऑगस्टला, कलकत्ता केंद्र सुरू झाले. दोन्ही प्रक्षेपक दीड किलोवॉटचे होते. म्हणजे खात्रीने ऐकू येण्याचे क्षेत्र शहर आणि त्याच्या आसपासच्या टापूपुरतेच होते.

रेडिओ बाळगण्यासाठी वर्षाला दहा रुपयांचा परवाना घ्यावा लागे. १९२७ अखेर देशातील परवान्यांची संख्या साडेतीन हजारांच्या आसपास होती आणि १९३० पर्यंत ती आठ हजारांच्याही आतच राहिली. परवान्यांच्या उत्पन्नावर मुख्यतः अवलंबून असलेली कंपनी १९३० मध्ये बुडाली आणि सरकारने हा कारभार ताब्यात घेतला. १९३१ मध्ये काटकसरीच्या कारणास्तव प्रसारण बंद करण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला. तथापि लोकांच्या विरोधामुळे काही आठवड्यांतच तो मागे घ्यावा लागला. हा प्रसंग लक्षात घेण्याजोगा आहे. परवानाधारक काही हजारच असताना विरोध परिणामकारक ठरावा इतके या ऐकण्याला तोवर महत्त्व आले होते. एका परवान्यामागे ऐकणारे कान अनेक होते, हेही यामागील एक कारण असले पाहिजे.

प्रसारणाचे मुख्य सत्र संध्याकाळी असे, त्याला दोन कारणे होती. पहिले सामाजिक : कचेरी, दुकान, शाळा आटोपून माणसे घरी परतण्याची ती वेळ. दुसरे कारण निसर्गातले आहे. मध्यम लहरी दिवसा वातावरणाच्या वरच्या विद्युद्भारित थरांपैकी खालच्या थरात शोषल्या जातात. सूर्यास्तानंतर तो थर विरतो आणि लहरी त्याहून उंच असलेल्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल दूर पोहोचतात. त्यामुळे दिवसा मुके असलेले दूरचे केंद्र काळोख पडू लागताच ऐकू येऊ लागे. ही ध्वनिप्राप्ती स्थिर नसे. आवाज मध्येच विरे, खरखर वाढे, पुन्हा स्वर उमटे. आपल्याकडे कथाकीर्तनाची वेळही बहुधा दिवेलागणीनंतरचीच असल्याने, नभोवाणीने नवी वेळ निर्माण केली नाही. एका जुन्या श्रवणवेळेत तिने प्रवेश केला.

२. ऐकण्याच्या तीन जागा

या संध्याकाळीचे स्वरूप सर्वत्र एक नव्हते. ऐकण्याच्या साधनानुसार त्याच्या तीन जागा दिसतात.

पहिली जागा स्फटिक-संचाची. या संचाला वीज लागत नसे, बॅटरीही लागत नसे. गच्चीवर ताणलेली एरियलची तार, जमिनीत सोडलेली दुसरी तार आणि स्फटिकावर टेकवायची बारीक तारेची सुई एवढ्यावर तो चाले. मात्र त्याचा आवाज कानाला लावायच्या हेडफोनपुरताच असे, म्हणजे ऐकणारा एकटा असे. हेडफोन रिकाम्या भांड्यात ठेवला की आवाज थोडा घुमे आणि भोवतीच्या दोघातिघांना ऐकू जाई. ही घरगुती युक्ती जगभरच्या हौशी श्रोत्यांनी वापरली. मूकवाचनातून घडलेल्या एकट्या वाचकाचे हे श्राव्य रूप होय. पण भांड्याची युक्ती सांगते की एकट्याने ऐकणे लोकांना पुरेसे वाटत नव्हते.

दुसरी जागा व्हॉल्व्हच्या संचाची, म्हणजे दिवाणखान्याची. हा संच महाग होता आणि परदेशातून येत असल्याने त्यावर आयातकरही होता. ज्याच्या घरी तो असे त्याच्या घरी शेजारी येत. या जागेचा सर्वांत दूरगामी परिणाम स्त्रियांच्या श्रवणावर झाला. व्यावसायिक गायिकांची बैठक मध्यमवर्गीय गृहिणीला तोवर निषिद्ध होती. तेच गाणे आता माजघरापर्यंत आले. गाणारीला घरात बोलवावे लागत नव्हते आणि ऐकणारीला घराबाहेर जावे लागत नव्हते. येथे अदृश्यता ही उणीव नव्हती. तिने एक बंद दार उघडले होते.

तिसरी जागा सार्वजनिक होती, आणि तिचे उत्तम उदाहरण मद्रासचे आहे. आर्थिक अडचणींमुळे तेथील रेडिओ क्लबचे काम १९२७ मध्ये थांबले, तेव्हा त्याचा प्रक्षेपक मद्रास महानगरपालिकेकडे गेला. १९३० पासून पालिकेने स्वतःचे प्रसारण सुरू केले आणि ऑल इंडिया रेडिओचे मद्रास केंद्र १६ जून १९३८ रोजी सुरू होईपर्यंत ते चालवले. संध्याकाळच्या या कार्यक्रमासाठी मरीना किनाऱ्यावर आणि शहरातील उद्यानांत कर्णे बसवले होते. परवाना नाही, संच नाही, तरी फिरायला आलेला कोणीही वाळूत बसून कर्नाटक संगीत ऐकू शकत होता. पाणी आणि दिवाबत्ती यांप्रमाणे संगीत ऐकवणे हेही नगरपालिकेचे काम ठरले, ही घटना भारतीय श्रवणाच्या इतिहासात असामान्य आहे. सभागृहातील कचेरीला तिकीट असते आणि देवळातील उत्सवाला जातीची चौकट असते. किनाऱ्यावरच्या कर्ण्याला यांपैकी काही लावता येत नव्हते.

३. नावांतून दिसणारी कल्पना

या नव्या आवाजाला निरनिराळ्या भाषांनी दिलेली नावे तौलनिक अभ्यासकाला पुष्कळ काही सांगतात. बंगालीने त्याला ‘बेतार’ म्हटले. तार नसणे, म्हणजे यंत्राच्या रचनेतील एक अभाव, हाच तेथे नावाचा आधार. तमिळमधील ‘वानोली’ आणि कन्नडमधील ‘बानुली’ या दोन्ही शब्दांत आकाश आणि नाद एकत्र येतात. मराठीत ‘नभोवाणी’ हा शब्द रुळला आणि त्यावरून ‘नभोनाट्य’ हा जोडशब्द घडला. त्याच्याच जोडीने ‘श्रुतिका’ हाही शब्द आला. मैसूर येथे मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये आपल्या घरी सुरू केलेल्या केंद्राला ‘आकाशवाणी’ हे नाव मिळाले. पुढे तेच नाव स्वतंत्र भारताच्या प्रसारणसंस्थेने स्वीकारले आणि २०२३ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे इंग्रजी नाव मागे सारून तेवढेच ठेवले.

‘नभोवाणी’ आणि ‘आकाशवाणी’ यांचा शब्दार्थ एकच; पण अर्थवलय वेगळे आहे. नभोवाणी हा नवा घडवलेला, म्हणून पूर्वस्मृतीपासून मोकळा शब्द आहे. आकाशवाणी म्हटले की मराठी माणसाला कंस आठवतो. पुराणातील आकाशवाणी ठरावीक व्यक्तीला उद्देशून होते, ती टाळता येत नाही आणि तिला प्रत्युत्तर देता येत नाही. वरून येणारी, अधिकारवाणीने बोलणारी, उलट प्रश्न न स्वीकारणारी वाणी अशी ही कल्पना आहे. परकीय सरकारच्या ताब्यातील प्रसारणाला ती अनपेक्षितपणे चपखल बसत होती. प्रसारणाच्या संदर्भात खरा प्रश्न आवाज कोठून येतो हा नव्हता. उत्तर कोठे जाते हा होता.

४. आकाशभाषिताचा उलटा प्रयोग

संस्कृत नाट्यपरंपरेत ‘आकाशभाषित’ नावाचा संकेत आहे. ‘भाण’ या एकपात्री रूपकात रंगमंचावरचा नट न दिसणाऱ्या व्यक्तीशी बोलतो, तिचे बोलणे ऐकल्याचा अभिनय करतो आणि ‘काय म्हणतोस?’ असे विचारून ते बोलणे प्रेक्षकांसाठी स्वतःच उच्चारतो. म्हणजे दिसणारा नट न दिसणाऱ्याचा आवाज प्रेक्षकांपर्यंत पोहोचवतो. नभोनाट्याने हा संकेत उलटा केला. येथे सर्व पात्रे बोलतात, पण एकही दिसत नाही. भाणातील प्रेक्षक आवाजाची कल्पना करतो. नभोनाट्याचा श्रोता शरीराची कल्पना करतो.

या उलट्या प्रयोगाने नाटककाराला नवे नियम शिकवले. नेपथ्य, वेश, हावभाव गेले. दाराची कडी, पावले, पाऊस अर्थवाहक झाले. सर्वांत अवघड प्रश्न पात्राच्या ओळखीचा होता. कोण बोलत आहे हे श्रोत्याला कळावे म्हणून पात्रांनी एकमेकांना नावाने हाक मारणे सोयीचे असते. परंतु त्या काळच्या मराठी घरात पत्नी पतीचे नाव घेत नसे. ‘अहो’ एवढेच तिचे संबोधन. बंगाली घरातील ‘ओगो’ आणि हिंदुस्तानी घरातील ‘अजी’ यांचीही तीच गत. घरगुती जीवनाचे वास्तव चित्र रेखाटू पाहणाऱ्या नभोनाट्यात याच वास्तवाशी इमान राखले तर श्रोत्याचा गोंधळ होतो, आणि गोंधळ टाळावा तर शिष्टाचार मोडतो. पात्रसंख्या कमी ठेवणे, स्वरांच्या जातीत स्पष्ट फरक राखणे, शेजारी किंवा धाकटा दीर यांच्या तोंडी नाव घालणे या युक्त्यांकडे केवळ तंत्र म्हणून पाहून चालणार नाही. समाजातील संबोधनाची व्यवस्था वाङ्मयप्रकाराच्या घडणीत कशी शिरते याचा तो पुरावा आहे. निरनिराळ्या भाषांतील आरंभीच्या नभोनाट्यांचा या एका दृष्टीने तौलनिक अभ्यास फलदायी ठरेल.

उर्दूत हे नवे रूप विशेष बहरले. ऑल इंडिया रेडिओच्या दिल्ली केंद्रावर चाळिशीच्या दशकाच्या आरंभी कृष्ण चंदर, उपेंद्रनाथ अश्क आणि सआदत हसन मंटो हे लेखक नोकरीनिमित्त एकत्र आले होते. मंटो तेथे १९४१–४२ मध्ये सुमारे दीड वर्ष होते. त्यांच्या ‘आओ’ या मालिकेत किशोर, लाजवंती आणि नारायण ही मोजकी पात्रे पुन्हा पुन्हा येतात, आणि तिच्यातील एका नाटिकेचे शीर्षकच ‘आओ रेडियो सुनें’ असे आहे. रेडिओ ऐकणे हाच रेडिओनाटिकेचा विषय व्हावा, यावरून ही संध्याकाळ किती लवकर घरगुती जीवनाचा, आणि म्हणून विनोदाचाही, भाग झाली होती हे कळते. जी गोष्ट अपूर्वाईची असते तिची थट्टा होत नाही. थट्टा सवयीची होते.

५. कानाची भाषा कोणती?

छापील मजकुरात लिपी ही भाषेची पहिली ओळख असते. देवनागरीत लिहिले की हिंदी, फारसी लिपीत लिहिले की उर्दू, असा भेद डोळ्यांना तत्काळ दिसतो. नभोवाणीवर लिपी नसते. म्हणून ‘हिंदुस्तानी’ बातमीपत्रात कोणता शब्द वापरावा हा वाद कानापाशी येऊन थांबला. संस्कृतनिष्ठ शब्द एका श्रोत्याला परका, तर फारसी-अरबी शब्द दुसऱ्याला. १९४० च्या सुमारास ऑल इंडिया रेडिओने सर्वांना समजेल असा शब्दसंग्रह तयार करण्याचे काम हाती घेतले आणि त्यासाठी हिंदीकडून अज्ञेय व उर्दूकडून चिराग हसन हसरत यांची योजना केली. हा प्रयत्न वाद मिटवू शकला नाही. तरी त्यामागील गृहीत महत्त्वाचे आहे : भाषेची सीमा श्रोत्याला काय समजते यावरून ठरवावी. मुद्रणाने दूर केलेल्या दोन साहित्यभाषांना कानाच्या पातळीवर पुन्हा शेजारी बसवण्याचा तो प्रयत्न होता.

६. उत्तराचा शोध

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. महाराष्ट्रातील कीर्तन, तमिळ प्रदेशातील कथाकालक्षेपम, बंगालमधील कथकता, उर्दूतील दास्तानगोई आणि मुशायरा या सर्व श्राव्य परंपरांत श्रोता हा अर्धा भागीदार असतो. ‘विठ्ठल विठ्ठल’चा गजर, मुशायऱ्यातील दाद, फर्माईश, कंटाळलेल्या सभेची चुळबुळ, यांवर सादर करणारा आपले निरूपण लांबवतो किंवा आवरते घेतो. नभोवाणीने हा परतीचा मार्ग बंद केला. दिवाणखान्यात उमटलेली ‘वाहवा’ गाणारीपर्यंत पोहोचत नव्हती.

श्रोत्यांनी आणि केंद्रांनी यावर निरनिराळे उपाय शोधले. पहिला उपाय मुद्रणाचा होता. कलकत्ता केंद्राशी निगडित ‘बेतार जगत्’ हे बंगाली पाक्षिक १९२९ मध्ये निघाले. इंग्रजीत ‘इंडियन लिसनर’, उर्दूत ‘आवाज़’, तमिळमध्ये ‘वानोली’ ही पत्रे निघाली. त्यांत आगामी कार्यक्रमांची वेळापत्रके असत आणि प्रसारित झालेली भाषणेही छापली जात. श्रवणाची उणीव वाचनाने भरून काढण्याची ही तऱ्हा होती. छापाला मागे टाकणारे माध्यम अशी नभोवाणीची जी प्रतिमा आहे, तिला ही पत्रे छेद देतात.

दुसरा उपाय सवयीचे रूपांतर विधीत करण्याचा. कलकत्ता केंद्रावरून महालयेच्या पहाटे होणारा ‘महिषासुरमर्दिनी’ हा कार्यक्रम तिशीच्या दशकाच्या आरंभापासून चालत आला आहे. संहिता वाणीकुमार यांची, संगीत पंकजकुमार मल्लिक यांचे आणि पठण वीरेंद्रकृष्ण भद्र यांचे. ही संध्याकाळ नव्हे, पहाट आहे. पण श्रोत्याच्या उत्तराची ताकद येथे सर्वांत स्पष्ट दिसते. १९७६ मध्ये त्याऐवजी लोकप्रिय चित्रपट-अभिनेते उत्तमकुमार यांचा सहभाग असलेला नवा कार्यक्रम प्रसारित झाला, तेव्हा बंगालमध्ये एवढा क्षोभ उसळला की जुना कार्यक्रम पुन्हा सुरू करावा लागला. पंचेचाळीस वर्षांच्या आसपास मौन वाटलेला श्रोता मौन नव्हता. त्याने ऐकण्यावर हक्क प्रस्थापित केला होता.

तिसरा उपाय महाराष्ट्रात योजनापूर्वक झाला. १९५६ मध्ये आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून शेतकरी श्रवणमंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम झाले. मंडळाने एकत्र बसून ऐकायचे, ऐकल्यावर चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. त्यांची दखल पुढील कार्यक्रमांत घेतली जाई. प्रयोगाचा हेतू शेतीविषयक ज्ञानाचा प्रसार हा होता, साहित्याचा नव्हे. तरीही श्रवणाच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. पुराणातल्या आकाशवाणीला जे कधी मिळाले नव्हते ते उत्तर येथे कार्यक्रमाचा भाग झाले. वक्ता बोलला, गाव बोलले, आणि गावाचे बोलणे पुन्हा हवेतून गावाकडे आले.

७. अभ्यासासमोरील अडचण

आरंभीच्या काळातील बहुतेक प्रसारण प्रत्यक्ष, त्या क्षणापुरते होई. त्याचे ध्वनिमुद्रण क्वचितच होत असे. परिणामी अभ्यासकाच्या हाती येतात त्या संहिता, कार्यक्रमपत्रिका, आठवणी आणि सरकारी अहवाल, म्हणजे पुन्हा छापील किंवा लिखित साधने. ज्या साहित्याचे वैशिष्ट्य आवाजात होते त्याचा अभ्यास आवाजावाचून करावा लागतो. संहितेत ‘विराम’ एवढाच शब्द असतो. तो विराम किती क्षणांचा होता आणि त्या क्षणांत माजघरात काय झाले हे कोणत्याही दप्तरात नोंदलेले नाही.

म्हणून या काळाचा अभ्यास केवळ ‘कोणत्या लेखकाने नभोवाणीसाठी काय लिहिले’ एवढ्यावर थांबणे योग्य नाही. ते कोणत्या जागी, कोणत्या साधनावर, कोणाबरोबर ऐकले गेले, आणि ऐकणाऱ्याने आपले उत्तर कोठे ठेवले, हे प्रश्न त्याच्या जोडीला विचारले पाहिजेत. उत्तरे एका भाषेच्या साधनांत पूर्ण सापडणार नाहीत. मद्रासचा किनारा, कलकत्त्याची पहाट, दिल्लीतील उर्दू नाटिका आणि पुणे जिल्ह्यातील गावाची चावडी यांना एकत्र वाचल्यावरच त्या अदृश्य श्रोत्याची आकृती दिसू लागते. साहित्याच्या इतिहासात वाचकाला आज जे स्थान आहे ते या श्रोत्याला मिळत नाही, तोवर तो इतिहास अर्धवट राहील.